अलार्म एकच, नावं तीन : टेलिकॉमची स्टँडर्ड ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटर, टीएसडीएसआय (टेलिकॉमची स्टँडर्ड बनवणारी आपली संस्था) आणि दूरसंचार विभागातले सगळे साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

मी पुण्यात बसून मोबाइल नेटवर्कच्या ओएसएसवर काम करतो. ओएसएस म्हणजे टॉवरपासून कोअरपर्यंत (कोअर म्हणजे नेटवर्कचा मधला मेंदू) कुठं काय चाललंय ते ज्या सिस्टीमवर दिसतं ती. अलार्म, काउंटर (काय किती वेळा झालं त्याची मोजणी), कॉन्फिगरेशन, सॉफ्टवेअर अपग्रेड, सगळं तिथूनच होतं. लोकांना फोनवर रेंजच्या दांड्या दिसतात, आम्हाला त्यामागचा पसारा दिसतो. स्पेक्ट्रम, स्पीड, सहाव्या पिढीचं व्हिजन यावर भरपूर बोलणं होतं, या पसाऱ्यावर कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मागणीही आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायला वेळ नसेल तरी चालेल. नवीन स्टँडर्ड लिहू नका. नेटवर्क आणि फोन मॅनेज करायची स्टँडर्ड आधीच ढिगानं आहेत. ती टेस्टिंगमध्ये आणा, टेंडरमध्ये आणा, आणि कुठला व्हेंडर, म्हणजे उपकरणं बनवून विकणारी कंपनी, त्यातलं किती पाळतो ते सगळ्यांना दिसेल असं छापा. एवढंच.

आता का ते सांगतो.

घाटमाथ्यावरचा कुठलाही टॉवर घ्या, आंबोलीच्या बाजूचा घ्या. जुलै महिना, समोरचा माणूस दिसणार नाही असा पाऊस, आणि रात्री दोनच्या सुमारास लाइट जाते. टॉवर शेअरचा, त्यावर तीन ऑपरेटरची उपकरणं. लाइन एक, मीटर एक, डीजी (डिझेल जनरेटर) एक, बॅटरी बँक एक आणि लाइट गेली ही घटनाही एकच. ती तीन वेगवेगळ्या बनावटीच्या बीटीएसमधून (टॉवरवरच्या बेस स्टेशनमधून) वर कशी येते बघा. पहिला सांगतो मेन्स फेल, सिव्हिरिटी, म्हणजे गांभीर्य, मेजर. दुसरा सांगतो एक्स्टर्नल अलार्म चार, मायनर, आणि चार नंबरच्या टर्मिनलला नेमकी कुठली वायर लावली होती ते साइट बसवून गेलेल्या टेक्निशियनच्या डोक्यात, तो आता नोकरी सोडून गल्फला. तिसरा तासनतास काहीच बोलत नाही आणि बॅटरी पार खाली आली की एकदम क्रिटिकल लो व्होल्टेज टाकतो, तेव्हा फार तर अर्धा तास हातात असतो आणि घाटात झाड पडलेलं. टॉवर कंपनीचं स्वतःचं रिमोट मॉनिटरिंग असतं ते वेगळंच, त्यात याच लाइट जाण्याचं चौथं बारसं झालेलं असतं.

तुम्ही म्हणाल तीन ऑपरेटर आपापलं बघतात, मग अडचण काय. पण एका ऑपरेटरकडेसुद्धा एकाच बनावटीचं सामान नसतं. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई वेगळं सर्कल, आणि सर्कलगणिक व्हेंडर बदलतो, कधी एकाच सर्कलमध्ये जुनं फोरजी एकाचं नि नवीन फाइव्हजी दुसऱ्याचं असतं. म्हणजे वरची तीन नावं एकाच नॉकच्या, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल रूमच्या, एकाच स्क्रीनवर येऊन पडतात, आणि रात्रपाळीच्या पोराला त्यातून ठरवायचं असतं की डिझेल घेऊन माणूस आता पाठवायचा की सकाळी.

आता गंमत अशी की याचं स्टँडर्ड नाही असं अजिबात नाही. अलार्म कसा लिहायचा हे आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या टेलिकॉम संस्थेच्या एक्स.७३३ या स्टँडर्डमध्ये १९९२ पासून लिहून ठेवलंय. क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग या पायऱ्या तिथूनच आल्या. त्यात प्रोबेबल कॉज (संभाव्य कारण) नावाचं एक खातं आहे, आणि त्याच्या ठरलेल्या यादीत पॉवर प्रॉब्लेम हे कारण स्पष्ट दिलेलं आहे. ते खातं नीट भरलं तर वरचे तिन्ही अलार्म कॉम्प्युटरला एकच वाटतील, माणसाला बघायचीसुद्धा गरज नाही. प्रत्यक्षात काय येतं? प्रोबेबल कॉजमध्ये इनडिटरमिनेट (कारण नक्की नाही) नाहीतर व्हेंडरचा स्वतःचा कोड, आणि खरं काय झालंय ते ॲडिशनल टेक्स्ट नावाच्या मोकळ्या खात्यात, व्हेंडरला सुचेल तशा इंग्रजीत. कागदावर स्टँडर्ड पाळलं, कारण सगळी खाती आहेत! कामात शून्य.

मग आम्ही काय करतो, तर एक्सेल शीट. प्रत्येक नॉकमध्ये एक पवित्र एक्सेल असतं, डावीकडे व्हेंडरचा अलार्म, उजवीकडे आपला अलार्म, हजारो ओळी. ते कोणीतरी एकानं बनवलेलं असतं आणि तो रजेवर गेला की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. त्यात व्हेंडरनं नवं सॉफ्टवेअर टाकलं की काही अलार्मची नावं किंवा आयडी बदलतात, रिलीज नोटमध्ये दोनशेव्या पानावर त्याची एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही, आणि दोन आठवड्यांनी कळतं की अमुक एक अलार्म येतच नव्हता, म्हणजे येत होता पण ओळखला जात नव्हता म्हणून अनमॅप्डच्या डब्यात पडत होता. त्या डब्यात काय काय असतं ते विचारू नका.

वर पुन्हा पैसे. बऱ्याच वेळा व्हेंडरच्या ईएमएसमधून (त्याची उपकरणं सांभाळणाऱ्या त्याच्याच सिस्टीममधून) डेटा बाहेर काढायचा असेल तर नॉर्थबाउंड इंटरफेसचं, म्हणजे ईएमएसमधून वर ओएसएसकडे जाणाऱ्या वाटेचं, लायसन्स वेगळं विकत घ्यायला लागतं. नेटवर्क तुमचं, टॉवरवरचं मशीन तुमचं, त्यात जमा झालेला डेटा तुमचा, आणि तो आपल्याच सिस्टीममध्ये आणायला परत पैसे मोजा. हे म्हणजे घर विकत घेतल्यावर बिल्डरनं खिडकी उघडायचे पैसे मागण्यासारखं झालं. आणि खरेदीच्या वेळी हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण टेंडरमध्ये एक ओळ असते, सिस्टीम शॅल सपोर्ट स्टँडर्ड नॉर्थबाउंड इंटरफेस, तिच्यापुढे व्हेंडर कम्प्लायंट लिहून मोकळा होतो. कुठलं स्टँडर्ड, कुठली आवृत्ती, त्यातलं काय ऑप्शनल ठेवलंय, कोणी विचारत नाही.

जगात हे भांडण आजचं नाही, फार जुनं आहे. १९८८ मध्ये एसएनएमपी हा नेटवर्क मॅनेज करायचा प्रोटोकॉल आला, साधा सोपा, सगळ्यांनी उचलला, पण त्यातून लोक फक्त बघायचं काम करायचे, बदल करायचा असेल तर परत कमांड लाइन. २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डानं प्रोटोकॉल बनवणारे आणि नेटवर्क चालवणारे यांना एका वर्कशॉपमध्ये समोरासमोर बसवलं आणि तिथं चालवणाऱ्यांनी तोंडावर सांगितलं की बाबांनो तुमचं हे कॉन्फिगरेशनला चालत नाही, आम्ही स्क्रिप्ट लिहून दिवस काढतोय. त्यातूनच पुढे २००६ मध्ये नेटकॉन्फ (उपकरणाचं कॉन्फिगरेशन बदलायचा प्रोटोकॉल) आलं, २०१० मध्ये यांग आलं. तिकडे मोबाइलची जागतिक स्टँडर्ड ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीचा एसए-५ नावाचा गट मोबाइल नेटवर्कच्या मॅनेजमेंटचंच काम करतो, आधी त्यांचं कोर्बा या जुन्या सॉफ्टवेअर तंत्रावरचं प्रकरण होतं (ज्यांनी ते इंटिग्रेट केलंय त्यांना माझा साष्टांग नमस्कार), फाइव्हजीपासून सगळं नव्या पद्धतीनं, सर्व्हिस बेस्ड. २०१८ मध्ये, वेगवेगळ्या व्हेंडरची उपकरणं एकत्र चालावीत म्हणून, ओ-रॅन अलायन्स स्थापन झालं, त्यांनी ओ-१ नावाचा इंटरफेस ठरवला, कॉन्फिगरेशनला नेटकॉन्फ-यांग आणि अलार्म-इव्हेंटला वेगळी वाट. म्हणजे चालवणाऱ्यांचं म्हणणं ऐकलं गेलंय, ठरवायचं ते ठरवूनही झालंय. अडलंय कुठं तर ऑप्शनलमध्ये आणि एक्स्टेंशनमध्ये.

यांगचंच उदाहरण देतो कारण त्यात उपायसुद्धा दडलेला आहे. यांग म्हणजे उपकरणात कोणकोणते पॅरामीटर आहेत, त्यांची किंमत काय असू शकते, कोण कोणाच्या पोटात आहे याचा कॉम्प्युटरला वाचता येईल असा नकाशा. स्टँडर्ड नकाशा एक असतो, व्हेंडर त्यात स्वतःची भर घालू शकतो, त्याला ऑगमेंट म्हणतात, आणि स्टँडर्डमधलं जे आम्ही करत नाही किंवा वेगळं करतो ते डेव्हिएशन म्हणून जाहीर करू शकतो. ही डेव्हिएशनची सोय फार प्रामाणिक आहे. व्हेंडरनं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की स्टँडर्डमधल्या या या गोष्टी माझ्या मशीनमध्ये चालत नाहीत. ही फाइल खरेदीच्या आधी समोर आली तर निम्मी भांडणं टेबलावरच मिटतील. पण ती मिळते कधी, तर ऑर्डर दिल्यावर, एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही केल्यावर, आणि इंटिग्रेशनला बसलेल्या पोरांनी चार वेळा मेल केल्यावर. कधीकधी तेव्हाही नाही, मशीनलाच जोडून बघायचं की काय काय उत्तर देतंय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तुमच्याकडे एमटीसीटीई आहे, २०१७ चे नियम, २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालेलं सक्तीचं टेस्टिंग. त्यात इलेक्ट्रिकल सेफ्टी बघता, ईएमआय-ईएमसी (विद्युतचुंबकीय हस्तक्षेप) बघता, टेक्निकल रिक्वायरमेंट बघता, सिक्युरिटीचंही वेगळं बघता. उपकरण ट्रस्टेड सोर्सकडून आलंय का हेसुद्धा २०२१ पासून बघितलं जातं. सगळं चांगलं आहे. त्याच लॅबमध्ये अजून एक टेबल टाका. बेस स्टेशन चालू करा, मेन्स काढा, किती सेकंदांत अलार्म आला, प्रोबेबल कॉज बरोबर भरलंय का, लाइट आल्यावर तोच अलार्म क्लिअर झाला की नवीनच काहीतरी आलं, ते बघा. फायबर उपसा, परत बघा. अँटेनाची केबल ढिली करा, व्हीएसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून सिग्नल मागे परततोय याचा) अलार्म बघा. मग नेटकॉन्फवरून एखादा साधा पॅरामीटर बदला, चुकीची किंमत देऊन बघा, नाकारतंय का, की अर्धवट घेऊन बसतंय, आणि मागे फिरवता येतंय का. आणि हे व्हेंडरच्या ईएमएसमधून नाही करायचं, तिसऱ्याच कोणाच्यातरी साध्या क्लायंटमधून करायचं, नाहीतर घरचाच गडी परीक्षक होतो. यासाठी मोठी लॅब लागत नाही, दोन-तीन चांगली माणसं आणि थोडा खडूसपणा लागतो.

अलार्मवर फार बोललो कारण ते डोळ्यांना दिसतं, पण काउंटरचं प्रकरण जास्त गंभीर आहे आणि त्याची झळ थेट ग्राहकाला आहे. ट्रायनं २०२४ मध्ये क्वालिटी ऑफ सर्व्हिसचे नवे नियम आणले, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. कॉल ड्रॉपचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत पाहिजे, एखाद्या जिल्ह्यात चार तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर चोवीस तासांच्या आत कळवायला पाहिजे, चोवीस तासांच्या वर गेली तर ग्राहकाला भरपाई. ऐकायला एकदम कडक. पण कॉल ड्रॉपचा आकडा येतो कुठून? बेस स्टेशनच्या काउंटरमधून. आणि कॉल ड्रॉप मोजायचा कधी हे प्रत्येक बनावटीत थोडं थोडं वेगळं. बेस स्टेशननं स्वतः तोडलेलाच धरायचा की कोअरकडून तोडायचा निरोप आला तोही, हँडओव्हर (एका सेलवरून दुसऱ्यावर जाणं) होताना गेलेला कॉल जुन्या सेलच्या खात्यावर की नव्या, युजरकडे डेटाच वाहत नव्हता तर तो ड्रॉप की नाही. थ्रीजीपीपीनं फोरजी आणि फाइव्हजीच्या काउंटरच्या व्याख्या लिहिलेल्या आहेत, फाइव्हजीच्या टीएस २८.५५२ मध्ये आहेत, कुठल्या मेसेजला काउंटर एकनं वाढवायचा इतकं बारीक दिलंय. व्हेंडर मात्र स्वतःचे हजारो काउंटर देतो आणि फॉर्म्युला आम्ही बसवतो. मग दोन सर्कलचे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करतो आणि एकाला शाबासकी देतो! खरं तर त्यात नेटवर्क किती चांगलं आणि व्याख्या किती सोयीची हे वेगळं करताच येत नाही.

ट्रायच्या रिपोर्टला जाणारे आठ-दहा महत्त्वाचे काउंटर तरी थ्रीजीपीपीच्या व्याख्येनंच, त्याच नावानं, बेस स्टेशनमधूनच बाहेर पडले पाहिजेत अशी अट घाला. बाकीचे हजार तुमचे तुम्ही ठेवा, त्यात कोणाला रस नाही.

आता फोनकडे येतो. मॅनेजमेंट म्हणजे फक्त टॉवर नाही, आणि सामान्य माणसाला याचा सगळ्यात जास्त मनस्ताप फोनवरच होतो.

तालुक्याच्या गावातलं मोबाइलचं दुकान डोळ्यांसमोर आणा. एक मावशी फोन घेऊन येतात, फोन बरा आहे, फोरजी आहे, सिम नवीन आहे, नेट चालतं, पण कोणाचा कॉल आला की नेट बंद पडतं आणि कधी कॉल लागतच नाही. दुकानदार सेटिंगमध्ये व्होल्टीचं (फोरजीवरून कॉल करायच्या सोयीचं) बटण शोधतो, बटणच नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकतो, बटण हजर. मग तो स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ वगैरे डायल करून लपलेला मेनू उघडतो, त्यात व्होल्टी प्रोव्हिजन्ड नावाची एक कळ असते ती सरकवतो, फोन बंद-चालू करतो, झालं तर झालं. मावशी शंभर रुपये देऊन आशीर्वाद देऊन जातात. काही फोनमध्ये ती कळ सरकतच नाही, तिथं दुकानदार नवीन फोन दाखवायला लागतो.

मावशींचा फोन खराब नाही आणि नेटवर्कही खराब नाही. फोनच्या पोटात प्रत्येक ऑपरेटरसाठी एक कॉन्फिगरेशन असतं, त्यात या नेटवर्कवर व्होल्टी चालू ठेवायचं की नाही, कॉल वाहणाऱ्या आयएमएस सिस्टीमचं एपीएन (जोडणीचं नाव) काय, इमर्जन्सी कॉल कुठून लावायचा असं सगळं लिहिलेलं असतं. अँड्रॉइडमध्ये त्याला कॅरियर कॉन्फिग म्हणतात, आयफोनमध्ये कॅरियर बंडल. ते फोन कंपनीनं भरायचं, आणि ऑपरेटरशी टेस्टिंग झाल्यावरच भरायचं असा रिवाज. आपल्याकडे त्यात आणखी एक गोची, नेटवर्कचे कोड सर्कलगणिक वेगळे, एकाच ऑपरेटरचे डझनावारी, ४०४ आणि ४०५ नं सुरू होणारे, त्यातला एखादा यादीत घालायचा राहिला की त्या सर्कलच्या लोकांचं नशीब.

आवाजाची कॉल फोरजीवर कशी न्यायची याचं जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं आयआर.९२ २०१० पासून आहे. फोन विकल्यानंतर त्यात ऑपरेटरची सेटिंग कशी पोचवायची याचंही टीएस.३२ आहे. तरी पण प्रत्यक्षात चालतो तो दबदबा. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच, व्होल्टी नाही तर साधी कॉलसुद्धा नाही, मग ज्यांचे फोन जुने त्यांच्यासाठी वेगळं ॲप, आणि ग्राहक इतके झपाट्यानं वाढले की फोन कंपन्या धावत आल्या. ज्या ऑपरेटरचा तेवढा दरारा नाही, किंवा जो मागाहून फोरजीत येतो, त्यानं काय करायचं? प्रत्येक फोन कंपनीच्या दारात जाऊन मॉडेलवार विनवण्या करायच्या. स्टँडर्ड असतं ते याच्यासाठीच ना, की लहानाला मोठ्याच्या बरोबरीनं उभं राहता यावं.

आणि हे फक्त कॉल लागण्या न लागण्याचं प्रकरण नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं. त्याच्या आधी लक्षात आलं की काही फोन असे आहेत जे रोजची कॉल फोरजीवर नीट लावतात पण इमर्जन्सीचा ००० नंबर मात्र थ्रीजीवरून लावायला बघतात, कारण आतलं कॉन्फिगरेशन तसं. शेवटी असे फोन नेटवर्कवरच घ्यायचे नाहीत असा नियम करायला लागला आणि लोकांचे धडधाकट फोन कचऱ्यात गेले. आपल्याकडे अजून टूजी खाली आधाराला आहे म्हणून ११२ हा आपला इमर्जन्सी नंबर लागतो. टूजी कधीतरी जाणारच आहे, तेव्हा किती फोन ११२ फोरजीवरून लावू शकतात याची यादी आत्ता कोणाकडे तरी असायला हवी. आत्ता म्हणजे आत्ता, टूजी बंद व्हायच्या आदल्या महिन्यात नाही.

फोनवर अट घालणं आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. पॅनिक बटण २०१६ च्या नियमानं आलं, १ जानेवारी २०१७ पासून त्याशिवाय फोन विकायचा नाही. भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत म्हणून आयएस १६३३३ आलं, आज कुठल्याही फोनवर मराठी चौकोन चौकोन न होता दिसतं ते उगाच नाही. आणि २०२३ मध्ये सेल ब्रॉडकास्टच्या (एका भागातल्या सगळ्या फोनवर एकदम इशारा पाठवायच्या सोयीच्या) टेस्टिंगला सगळे फोन एकदम कोकलले होते आठवतंय ना, ऑफिसमध्ये, लोकलमध्ये, वर्गात, सगळ्या कंपन्यांचे, सगळ्या ऑपरेटरचे. लोकांनी त्यावर मीम केले, पण आमच्यासारख्याला भरून आलं होतं खरं सांगतो. कारण ठरलेलं एक स्टँडर्ड, सरकारनं घातलेली अट, आणि प्रत्यक्ष वाजवून बघितलेली टेस्ट या तिन्ही गोष्टी एकदा एकत्र आल्या की काय होतं ते त्या दिवशी ऐकू आलं. व्होल्टीला आणि ११२ ला तेच करा.

आता यावर दोन आक्षेप येणार, ते मलाही मान्य आहेत.

पहिला सुरक्षेचा. दार एकसारखं केलं की चोरालाही एकच किल्ली पुरते. हे खोटं नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या जवळपास नऊ लाख ग्राहकांचे राउटर आडवे झाले, हल्ला राउटर लांबून मॅनेज करायच्या टीआर-०६९ च्या पोर्टवरून आला होता. २०१९ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी दाखवलं की ऑपरेटरकडून एसएमएसनं सेटिंग पाठवायची जी जुनी पद्धत, ओएमए सीपी, तिच्यातून कोणीही खोटं सेटिंग पाठवून काही नामांकित फोनचं ट्रॅफिक स्वतःकडे वळवू शकतं, कारण पाठवणारा खरा कोण हे फोन धड तपासत नव्हते. नोकियाच्या काळात इंटरनेट सेटिंगचा मेसेज यायचा आणि १२३४ पिन टाकून आपण सेव्ह करायचो, त्याचंच हे भावंड. पण दोन्ही ठिकाणी फसलं ते कुठं, तर पोर्ट उघडं ठेवलं आणि ओळख तपासली नाही. म्हणजे टेस्टिंगमध्ये या गोष्टी नव्हत्या. प्रत्येक व्हेंडरचं दार वेगळं ठेवल्यानं कोणी सुरक्षित झालेलं नाही, फक्त कुठलं दार उघडंय हे मोजणं अवघड झालंय. आणि आता घराघरात फाइव्हजीचे एअरफायबरचे (बिनतारी ब्रॉडबँडचे) डबे लागलेत, तेही असेच लांबून मॅनेज होतात, त्यामुळे हे आत्ताच बघा.

दुसरा आक्षेप प्रायव्हसीचा, आणि त्यावर तुम्हालाच थोडं बोलायचंय. फोनमध्ये सरकारच्या सांगण्यावरून काही घालायचं म्हटलं की लोक दचकतात. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर संचार साथी ॲप सगळ्या नव्या फोनमध्ये आधीपासून टाका असा आदेश निघाला आणि काही दिवसांतच सक्ती मागे घ्यायला लागली. हरवलेला फोन ब्लॉक करायची सोय चांगलीच आहे, लोक आपणहून वापरतात. पण सक्ती केली आणि आत काय चालतं ते नीट सांगितलं नाही की विश्वास जातो. मी मागतोय ते ॲप नाही. कॉन्फिगरेशनची एक फाइल, जी कोणीही उघडून वाचू शकेल, ज्यात नेटवर्कचा कोड आणि व्होल्टी चालू की बंद एवढंच असेल, माणसाबद्दल एक अक्षर नसेल. ती एका जागी जाहीर ठेवा, ऑपरेटरनं भरायची, फोन कंपनीनं तिथून उचलायची, ठरलेल्या मुदतीत. डिव्हाइस मॅनेजमेंटच्या नावाखाली उद्या कोणी दुसरंच काही मागायला आलं तर त्याला याच पत्रातला हा परिच्छेद दाखवा.

व्हेंडर लोकांचा तिसराही आक्षेप असतो, इनोव्हेशन मारलं जाईल. लाइट गेली हे सांगण्यात कसलं इनोव्हेशन? पुढे.

टीएसडीएसआयच्या मंडळींना वेगळं सांगायचंय. फाइव्हजी-आय, म्हणजे फाइव्हजीचं भारतीय स्टँडर्ड, त्यासाठी तुम्ही जिवाचं रान केलंत. आपल्याकडे ग्रामपंचायती लांब लांब, टॉवरमधलं अंतर जास्त, सहा-सहा किलोमीटरवर टॉवर असलेल्या मोठ्या सेलचा विचार स्टँडर्डमध्ये हवा हे जगाच्या गळी उतरवलंत, २०२० मध्ये आयटीयूनं मान्यता दिली, पुढे ते थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये विलीन झालं. त्यावर तेव्हा बरीच टीकाही झाली, असो, पण एक कळलं की आपली गरज तिथं मांडता येते. मग मॅनेजमेंटमध्ये आपली गरज कोण मांडणार? शेअर टॉवर, दिवसातून अनेकदा जाणारी लाइट, डिझेल, तीन-चार व्हेंडर एका सर्कलमध्ये, हे आपल्याइतकं कोणाकडे आहे? एसए-५ च्या आणि ओ-रॅनच्या मीटिंगांना आपल्या नॉकमधली माणसं पाठवा. पेपर लिहिणारीच नाहीत, रात्रपाळी केलेली. विमानाचं तिकीट व्हेंडर काढत असेल तर माणूस व्हेंडरचंच बोलणार, म्हणून तिकिटाचं तेवढं तुम्ही बघा.

आणि एक चालून आलेली संधी आहे. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी, सप्टेंबर २०२५ मध्ये झारसुगुड्याहून ज्याचं उद्घाटन झालं, ९७ हजार पाचशेच्या वर टॉवर. त्यात रेडिओ तेजस नेटवर्क्सचा, कोअर सरकारी सी-डॉटचा, जोडणी टीसीएसची. म्हणजे एकाच व्हेंडरनं सगळं आतून आपसांत बोलून घ्यायची सोय त्यात नव्हती, मॅनेजमेंट जोडताना या तिघांना एकमेकांच्या नकाशांशी झटापट करावीच लागली असणार. ती झटापट कागदावर आणा. कुठली यांग मॉडेल वापरली, कुठं स्टँडर्ड पुरलं नाही, अलार्मची यादी काय, काउंटरचे फॉर्म्युले काय. सार्वजनिक पैशातून उभं राहिलंय, सिक्युरिटीचा भाग झाकून बाकीचं छापायला हरकत नसावी. उद्या हीच सिस्टीम दुसऱ्या देशाला विकायची असं सगळेच म्हणतायत, तिथला गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारेल की माझ्या ओएसएसला जोडता येईल का, आणि तेव्हा हाताशी छापलेलं काही असलं तर बरं.

सगळं एका वर्षात होणार नाही हे मलाही कळतं. म्हणून एवढंच सुरुवातीला करा. एक सर्कल निवडा, आमचं महाराष्ट्र-गोवा घेतलंत तर उत्तम, समुद्र आहे, घाट आहे, दुष्काळी पट्टा आहे, गडचिरोलीचं जंगल आहे. त्यात पॉवर, ट्रान्समिशन आणि रेडिओ या तीन प्रकारांतले मोजके पन्नासेक अलार्म ठरवा, सगळ्या व्हेंडरना सांगा की पुढच्या सॉफ्टवेअर रिलीजमध्ये हे अलार्म ठरलेल्या नावानं, ठरलेल्या प्रोबेबल कॉजनं, ठरलेल्या सिव्हिरिटीनं आले पाहिजेत, सोबत डेव्हिएशनची फाइल जाहीर पाहिजे, आणि नॉर्थबाउंडचं वेगळं लायसन्स लावायचं नाही. एक पावसाळा चालवून बघा. काय निघतं ते वेबसाइटवर टाका, व्हेंडरच्या नावासकट.

मसुदा काढलात तर नॉकवाल्यांना वाचायला द्या आणि अभिप्रायाची मुदत जून ते सप्टेंबरमध्ये ठेवू नका, त्या वेळी आम्ही कोणीच मोकळे नसतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्याचा एक ओएसएसवाला